दोन लाल कुलपं

"काप," व्हर्न म्हणाला आणि लांब दांड्यांचा बोल्ट कटर त्याने कीओनाच्या छातीशी टेकवला.

कीओनाने तो घेतला. न घेऊन सांगते कुणाला? व्हर्न मुकादम होता आणि ती तिसऱ्या वर्षाची शिकाऊ वायरमन. मुकादमाने झाडू दिला की झाडायचं, कॉफी आणायला पिटाळलं की पळायचं, आणि तोंड बंद ठेवायचं, असा शिकाऊ माणसाचा धर्म. कागदावर तो कुठेच लिहिलेला नाही, म्हणूनच सगळे पाळतात.

मिलवॉकीतल्या एका जुन्या बिअरच्या कारखान्याचा बार्ली भाजायचा मनोरा होता तो. आता त्यात श्रीमंतांसाठी फ्लॅट होणार होते. तळघरात भिंतीवर मेन स्विच होता. त्याचा दांडा खाली ओढलेला, म्हणजे वरचा सगळा मनोरा बंद. दांडा कुणी वर करू नये म्हणून त्यात सहा भोकांची लोखंडी कडी अडकवलेली होती. जितकी माणसं तारांत हात घालणार, तितकी कुलपं त्या कडीला. ज्याचं कुलूप, त्याची किल्ली, आणि ज्याने लावलं त्यानेच काढायचं. आज दुपारपर्यंत तिथे दोन लाल कुलपं होती. आता एकच उरलं होतं. त्याला लटकलेल्या पत्र्यावर पांढऱ्या मिशांच्या माणसाचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं : 'धोका. स्विच लावू नका. या तारेवर मी काम करतोय. कॅझिमिर व्रोबेल.'

"कॅझ वर असेल तर?" कीओनाने विचारलं.

"वर कशाला असेल? साडेतीनला सुटी झाली. तुला काय म्हणाला तो?"

"म्हणाला, तुझं कुलूप काढ आणि घरी जा. निघालेच होते, तू फाटकातून परत बोलावलंस."

"मग? तोही गेला. त्याचा पिकअप नाही आवारात, मी स्वतः बघून आलो. फोन केला, उचलत नाही. म्हातारा कुलूप काढायचं विसरला आणि आता घरी पाय वर करून सॉसेज खात बसलाय."

व्हर्नच्या कमरेचा रेडिओ खरखरला. वर आवारातून बिल्डरचा साहेब ओरडत होता. पाचव्या मजल्यावर सकाळी काँक्रीट ओतलं होतं. बाहेर तळ्यावरून येणारा वारा कातडी सोलत होता. विजेचे मोठे हीटर लागले नाहीत तर अंधार पडायच्या आत काँक्रीट गोठणार, सगळा मजला फोडून काढावा लागणार. त्या हीटरची लाइन ओढायलाच कॅझ आणि कीओनाने दिवसभर मनोरा बंद ठेवला होता.

"ऐकलंस ना?" व्हर्न म्हणाला. "तो माझ्या डोक्यावर मिरे वाटतोय. काप."

कीओनाने कटरची पाती कुलपाच्या दांडीवर ठेवली. नुसती ठेवली. लोखंडाला लोखंड लागल्याचा बारीक आवाज झाला आणि तिच्या दातांत कळ गेली.

तेवढ्यात तिची नजर हत्यारांच्या पेटीवर गेली. पेटीवर कॅझचा हिरवा थर्मास होता. पोचा पडलेला, झाकणाला तार गुंडाळलेला. कॅझची बायको बार्ब तो रोज पहाटे भरून द्यायची, आणि तो रिकामा घरी नेला नाही तर ती दुसऱ्या दिवशी कॉफी देत नसे. असं कॅझ सांगायचा, आणि सांगताना चक्क घाबरलेला दिसायचा. दोन वर्षांत तो माणूस हेल्मेट विसरला होता, एकदा कवळीसुद्धा विसरला होता. थर्मास नाही.

"त्याचा थर्मास इथंच आहे."

"कुलूप विसरला, थर्मास विसरला. साठी ओलांडलीय त्याने."

"थर्मास विसरणार नाही."

"अगं, थर्मासवरून तू मला माणूस कुठे आहे ते सांगणार?"

"मग तूच काप ना." कीओनाने कटर पुढे केला.

व्हर्नने हात पाठीमागे घेतले. अगदी लहान हालचाल होती ती, पण तिला सगळं कळलं. सगळा मनोरा तपासायला त्याला दहा मिनिटं लागली असती. प्रत्येक मजल्यावर जाऊन हाक मारायची, माणूस नाही अशी खात्री करायची, मगच कुलपाला हात लावायचा, हा नियम त्याला तिच्यापेक्षा जास्त पाठ होता. पण दहा मिनिटं साहेबाला आवडली नसती. आणि उद्या कुणी विचारलंच की कुलूप कुणी कापलं, तर उत्तर तयार हवं होतं : शिकाऊ पोरीने कापलं. नवीन आहे, घाई करते, आधीच दोन शेरे आहेत तिच्या नावावर.

महिन्याच्या सभेत हाच व्हर्न युनियनच्या हॉलमध्ये उभा राहून 'बंधूंनो आणि भगिनींनो' म्हणतो. भगिनी म्हणताना सगळ्या हॉलमध्ये कीओनाकडे बघतो, कारण बघायला दुसरी कुणी जवळपास नसते. हॉलमधलं भावाबहिणीचं नातं साइटवरच्या मातीत उतरलं की कसं विरघळतं ते बघायचं असेल तर मुकादमावर साहेब ओरडत असताना बघावं.

"पिटमन," व्हर्न आवाज उतरवून, नेहमीसारखा आडनावाने हाक मारत म्हणाला, "गुरुवारी शिकाऊंची कमिटी बसतेय. माझा शेरा जाणार आहे तुझ्याबद्दल. मुकादमाचं ऐकत नाही, असं लिहू का? तिसरा होईल. तिसऱ्यानंतर काय होतं ते ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. तिसऱ्यानंतर कमिटी हात मिळवते, शुभेच्छा देते आणि दार दाखवते. मग पुन्हा गोदामातली रात्रपाळी, पट्ट्यावरून येणारी खोकी, आणि खोक्यांपेक्षा वेगाने मोजणारं यंत्र. युनियनच्या दारात उभं राहायला तिला दोनदा अर्ज करावा लागला होता. पहिल्या मुलाखतीत एकाने विचारलं होतं, शिडी चढता येते का बाई? दुसऱ्या खेपेला ती शिडी खांद्यावर घेऊनच जाणार होती, आईने अडवलं.

पहिला शेरा व्हर्नचा होता. बस उशिरा आली म्हणून. दुसरा कॅझचा. 'जोड ढिले करते. घाई करते. अशाने आग लागेल.' कॅझ साइटवरचा युनियनचा प्रतिनिधीही होता. म्हणजे तक्रार करायची तर ज्याने शेरा मारला त्याच्याकडेच. ती महिनाभर त्याच्याशी कामापुरतं बोलत होती. त्याने लिहिलेलं खरं होतं, म्हणून राग जास्त.

आणि आता त्याच म्हाताऱ्याच्या कुलपावर तिचा कटर होता. एक जोर मारला की सगळे खूश. साहेब खूश, व्हर्न खूश, गुरुवारची कमिटी खूश. आणि कॅझ घरी सॉसेज खात असेल तर कुणाचंच काही बिघडत नव्हतं.

असेल तर.

तिने कटर उचलून पेटीवर ठेवला. शर्टात हात घालून गळ्यातली बुटाची नाडी ओढून बाहेर काढली. नाडीला तिची किल्ली होती. खिशातलं तिचं स्वतःचं, फोटोचा पत्रा लटकलेलं लाल कुलूप तिने काढलं. पहिल्या दिवशी कॅझने ते तिच्या हातात देताना म्हटलं होतं, ही किल्ली कुणाला द्यायची नाही, मुकादमाला नाही, मला नाही, देव आला तर त्याला सांग रांगेत उभा राहा.

"काय करतेयस?" व्हर्न म्हणाला.

तिने कुलूप कडीच्या दुसऱ्या भोकात घातलं आणि दाबलं. खट्.

"तू... तू काम करत नाहीयेस या तारेवर! कुलूप लावायचा तुला हक्क नाही!"

"मी वर जातेय. मनोऱ्यात. वर माणूस आहे, म्हणून कुलूप आहे." तिचा आवाज तिलाच परका वाटला. "आता त्या स्विचवर माझा फोटो आहे, व्हर्न. मी कुठे आहे ते तुला ठाऊक आहे. माझ्याबद्दल तू म्हणू शकत नाहीस की घरी गेली असेल."

"परत ये! पिटमन! हे काम अडवणं आहे! लिहीन मी!"

"लिही."

असं म्हणाली खरी, पण जिन्याच्या पहिल्याच वळणावर तिला हिशोब लागला. माणूस वर नसेल तर ती संपली होती. स्वतःच्या हाताने, स्वतःच्या कुलपाने.

जिन्यातले दिवे वेगळ्या लाइनवर होते, तेवढे चालू. मजल्यांवर मात्र मिट्ट काळोख. बार्ली भाजायच्या मनोऱ्याला खिडक्या कशाला असतील? डोक्यावरचा दिवा लावून ती हाका मारत सुटली.

"कॅझ! ए कॅझ!"

दुसऱ्या मजल्यावर कुणी नाही. तिसऱ्यावर पाइपवाल्यांचं सामान, त्यांच्यातलाही कुणी नाही. जाड विटा तिचा आवाज गिळत होत्या. तिला वाटलं, खाली पात्यांचा कट्ट आवाज झाला. थांबून कान दिला. काही नाही. की झाला होता? चौथ्या मजल्यावर ती धावतच शिरली.

चौथ्याच्या अगदी टोकाला, छताजवळ, दिव्याचा पिवळा ठिपका हलत होता.

कॅझ शिडीवर होता. छताच्या जोडपेटीचं झाकण निघालेलं, दोन्ही हात कोपरापर्यंत आत. उघडं तांबं त्याच्या बोटांत. हातमोजे काढून त्याने शिडीच्या पायरीवर ठेवले होते, आणि शेजारी कानातलं यंत्र, धुळीने खराब होऊ नये म्हणून काढून ठेवलेलं. ती पाच हातांवरून ओरडत होती आणि म्हातारा शीळ घालत होता.

तिने शिडी गदगदा हलवली.

"कुठल्या गाढवाने—" कॅझ ओरडला, खाली बघितलं. "पिटमन? तुला घरी पाठवलं होतं ना?"

"हात बाहेर काढ!"

"काय?"

"हात! बाहेर! काढ!"

त्याने हात काढले. चेहऱ्यावरून गंमत उतरली. कानात यंत्र घातलं. ती धापा टाकत बोलली ते सगळं त्याने ऐकून घेतलं : हीटर, साहेब, पिकअप, कटर. ऐकता ऐकता तो शिडीच्या पायरीवर बसला. मिशा पांढऱ्या होत्याच, आता तोंडही तसंच झालं.

"पिकअप गॅरेजमध्ये आहे," तो म्हणाला. "बार्बने सोडलं सकाळी. ती येणार आहे न्यायला." मग खिसे चाचपत, "फोन डब्याच्या पिशवीत आहे. खाली."

"मुळात तू इथं काय करतोयस? सुटी झाली!"

कॅझने जोडपेटीकडे बोट दाखवलं. पेटीतून चार तारा लोंबत होत्या. तिने आज दुपारी पिळून, वर प्लास्टिकची टोपी बसवून, कोंबून ठेवलेल्या तारा.

"झाकण लावायच्या आधी एकेक तार ओढून बघायची, हे मी तुला किती वेळा सांगितलं?"

"...बघितली होती."

"तीन बघितल्यास. चौथी माझ्या हातात आली. लोण्यातून सुरी यावी तशी." तो चिडलेला नव्हता, हेच तिला सहन होईना. "त्या हीटरचा भार याच्यावर पडला असता की टोपी वितळली असती. वर नव्या लाकडी फळ्या आहेत. उद्या सकाळी आपण राखेवर उभे राहिलो असतो."

तिच्या कानातून वाफ निघाली. लाजेने की रागाने ते तिला ठरवता आलं नाही. "मग वर बोलवायचं होतंस मला. माझा जोड मी केला असता. चोरासारखा एकटा कशाला आलास?"

"तुला थांबवलं असतं तर व्हर्नने विचारलं असतं का थांबवलं. सांगितलं असतं तर तिसरा शेरा त्याने तिथेच लिहिला असता." कॅझने मिशीवरून हात फिरवला. "तुझ्यावर दया आली असं समजू नकोस. शेरा मीच लिहिणार होतो. उद्या. आधी जोड, मग कागद."

घ्या. ज्या माणसासाठी तिने गळ्यातली किल्ली पणाला लावली, तो तिचा तिसरा शेरा खिशात घेऊन शिडीवर चढला होता. कीओना हसली. हसू थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही.

"सुटीनंतर फुकट काम," ती नाक पुसत म्हणाली. "युनियनचा प्रतिनिधी. दुसऱ्या कुणी केलं असतं तर तू त्याला सभेत सोललं असतंस."

कॅझने हातमोजे खिशात कोंबले.

"चल खाली," तो म्हणाला. "आधी तो स्विच बघू."

ते तळघरात उतरले तेव्हा व्हर्न स्विचसमोर उभा होता. हातात कटर. आधी कॅझ दारातून आत आला, आणि व्हर्नचं तोंड उघडलं ते तसंच राहिलं.

जमिनीवर कॅझचं कुलूप पडलं होतं. दांडी कापलेली, फोटो पालथा.

कडीला एकच कुलूप होतं आता. कीओनाचं. त्याच्या दांडीवर दोन्ही बाजूंनी पात्यांचे ताजे, चमकते दात उमटले होते. पुरते आत गेले नव्हते.

रेडिओ तेवढा बोलत होता. साहेब विचारत होता, वीज कधी, वीज कधी.

"मी तिचं कापणार नव्हतो," व्हर्न म्हणाला. "नुसता... कॅझ, तुझी गाडी नव्हती. देवाशपथ, गाडी नव्हती."

कॅझने वाकून आपलं कुलूप उचललं. पत्रा पुसला, स्वतःच्याच फोटोकडे बघितलं, जसं काही ओळख पटवतोय. "माझे हात तांब्यात होते, व्हर्न," एवढंच म्हणाला. मग व्हर्नच्या कमरेचा रेडिओ काढून घेतला आणि त्यात सांगितलं, "युनियनचा प्रतिनिधी बोलतोय. वीज मी सांगेन तेव्हा. ओरडायचं असेल तर खाली येऊन ओरड." आणि रेडिओ बंद करून थर्मासशेजारी ठेवला.

"काँक्रीट..." व्हर्न म्हणाला.

"काँक्रीट वाट बघेल. जोड उघडा आहे. ज्याचा जोड, तो करेल." कॅझने पेटीतून नवं कुलूप काढलं, कडीत अडकवलं. "पिटमन, चल वर."

या वेळी शिडीवर कीओना चढली. कॅझ खाली शिडी धरून उभा. तिने टेस्टर आधी जिन्यातल्या चालू सॉकेटला लावून बघितला होता : लागला. मग पेटीतल्या तारांना : काही नाही. मग पुन्हा सॉकेटला नेऊन बघितला, टेस्टरच मेला नाही ना म्हणून. चार खेपा झाल्या असत्या तरी तिने केल्या असत्या. वर एक आख्खा मजला गोठत होता, खाली एक मुकादम घामात भिजत होता आणि ती तांब्याच्या चार तारा पकडीने पिळत होती. घाई नाही. पिळा घट्ट बसेपर्यंत. टोक छाटलं, टोपी फिरवली, मनगट दुखेपर्यंत फिरवली. मग एक तार ओढली. दुसरी. तिसरी. चौथी धरून ती शिडीवर जवळजवळ लटकलीच.

"उतर," कॅझ म्हणाला. तो चढला, त्याने चारही ओढल्या. त्याच्या सवयीप्रमाणे चौथी दोनदा. झाकण लावलं.

जिना उतरताना तो म्हणाला, "ढिला जोड मी लिहिणार."

"लिही. ढिला होता."

"आणि कुलूपही लिहिणार. तू लावलेलं आणि त्याने कापलेलं. दोन्ही."

"आणि सुटीनंतरचं फुकट काम?"

कॅझ दोन पायऱ्या उतरला. "तेही," तो म्हणाला. "कार्टे, तू कमिटीत माझी कातडी सोलवणार."

"मला काढतील?"

"ठाऊक नाही." खोटा धीर देणारा माणूस नव्हता तो. "काढायचंच ठरवलं तर माझ्या तोंडावर काढावं लागेल त्यांना. मी त्या खोलीत हे कापलेलं कुलूप टेबलावर ठेवून बसणार आहे."

तळघरात व्हर्न तिथेच होता. कॅझने आपलं कुलूप काढलं. उरलं तिचं, दात उमटलेलं. व्हर्न हळू म्हणाला, "काढ आता, कीओना."

दोन वर्षांत त्याने तिला नावाने हाक मारलेली नव्हती. तिने नाडी गळ्यातून काढली. किल्ली हातात धरली आणि तशीच उभी राहिली.

"मनोऱ्यात कोण आहे?" तिने विचारलं.

"कोणी नाही. तुम्ही दोघं आलात ना."

"मघाशीही कोणी नव्हतं." ती म्हणाली. "वर जा. प्रत्येक मजल्यावर हाक मार. पाइपवाले, सुतार, जो कोणी सापडेल त्याचं नाव घेऊन ये. कोणी नसेल तर तसं येऊन माझ्या तोंडावर सांग. मग काढते."

व्हर्नने कॅझकडे बघितलं. कॅझ थर्मासचं झाकण उघडत होता, त्याने मान वर केली नाही.

मुकादम वळला आणि जिना चढू लागला. थोड्या वेळाने दुसऱ्या मजल्यावरून त्याची हाक ऐकू आली. मग तिसऱ्यावरून, बारीक. कीओना स्विचपाशी उभी राहून एकेक हाक ऐकत होती. मुठीतली किल्ली गरम झाली होती.